माईथानच्या पायथ्याशी

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
६ सप्टेंबर १९८८

सौ. शीला यांस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही दचकला असाल. तुमचं दुसरं लग्न झाल्यापासून आपलं बोलणं नाही, आणि आमच्या घरातून पत्र म्हणजे काहीतरी वाईटच, असं वाटेल. हे वाईट आहे की चांगलं ते माझं मलाच कळत नाही, म्हणून एकदम लिहून टाकते. दादा सापडला.

शुक्रवारी पोलिस स्टेशनातून हवालदार आला. गढवालमध्ये सुरांग गाव आहे ना, माईथान शिखराच्या पायथ्याचं, तिथल्या पटवाऱ्याचा निरोप होता. हिमनदी जिथे संपते तिथे मेंढपाळांना एक देह मिळाला. पाठीवर सॅक होती. सॅकच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलेलं, के. नाखवा, ठाणे. ते नाव आपल्या ओटीवर बसून त्याने लिहिलेलं, तेव्हा रंगाचा ब्रश तुम्हीच धुतलेला.

गेली सहा वर्षं आपल्याला एवढंच माहीत होतं की तो शेवटच्या तंबूतून एकटा वर गेला आणि ढगात दिसेनासा झाला. त्याच्या चढाईतल्या मित्राने, बाळने, खालून पाहिलं तेवढंच. शोधायला गेलेल्यांना काही मिळालं नाही. आता डोंगराने स्वतःहून दिला.

ओळख पटवायला रक्ताचं नाहीतर लग्नाचं माणूस लागतं म्हणे. बाळ जायला तयार आहे, पण तो नात्याचा नाही. मला सातवा महिना लागलाय, आमचे हे जहाजावर आहेत. आयला अजून काही सांगितलं नाही. तिचं तुम्हाला ठाऊकच आहे. बा खाडीत बुडाला तेव्हा तिसऱ्या दिवशी खाडीनेच त्याला कळव्याच्या बाजूला तिवरांमध्ये आणून सोडला. तेव्हापासून तिचं एकच, खारीनं परत दिला, डोंगर पन देल. त्यामुळे तिने दादासाठी ना रडून घेतलं ना दिवस घातले.

तुमचा संसार आहे. तुमच्या मिस्टरांना नसेल आवडायचं. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

सगुणा

*

कल्याण
९ सप्टेंबर १९८८

प्रिय सगुणा,

मला "तुम्ही" कधीपासून म्हणायला लागलीस? लग्न होऊन मी तुमच्या घरी आले तेव्हा तू कॉलेजात होतीस आणि पहिल्याच दिवशी "वहिनी, तू मासे साफ करशील की पळून जाशील" असं विचारलं होतंस. मी पळाले नव्हते.

मी जाते.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. मधु ऑफिसातून आला. त्याने पत्र मागितलं नाही, मीच दिलं. वाचून घडी घातली आणि म्हणाला, "मी येऊ सोबत?" मी नको म्हटलं. मग तो माळ्यावर चढला आणि माझे जुने बूट काढून घेऊन आला. लग्नानंतर मी ते टाकून दे म्हणाले होते. त्याने टाकले नव्हते. हा माणूस कधी टेकडीसुद्धा चढलेला नाही, सगुणा. मुंब्र्याच्या देवीला गेलो तर अर्ध्या पायऱ्यांवर बसतो. पण बूट त्याने तेल लावून ठेवलेत.

कान्हाची आणि माझी ओळख त्याच मुंब्र्याच्या कातळावर झाली. डोंबिवलीच्या आमच्या गिर्यारोहण क्लबमध्ये मुली दोनच होत्या. दोर बांधायला शिकवताना तो म्हणाला, "होडीची गाठ आणि डोंगराची गाठ एकच, सुटली की संपलं." तेव्हा मला वाटलं, हा बढाईखोर आहे. नंतर कळलं, त्याला माईथानशिवाय दुसरा विषयच नाही. कुठल्याशा मासिकात तिचा फोटो पाहिला होता त्याने. पांढरी, एकटी, बाकीच्या डोंगरांपासून जरा दूर उभी असलेली. तो फोटो आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. साडी काढताना रोज मला ती दिसायची. सवतीसारखी.

आईंना काय सांगणार आहेस? मी जाते आहे हे सांगू नकोस, हवं तर. त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं तो दिवस मी विसरले नाही, पण त्याबद्दल त्यांना दोषही देत नाही. त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा परत यायचा होता आणि त्याची बायको थांबली नाही.

उद्या पंजाब मेल.

शीला

*

सुरांग
१९ सप्टेंबर १९८८

प्रिय सगुणा,

तोच आहे.

डाव्या हाताची करंगळी. मुंब्र्याला पडला तेव्हा मोडून वाकडी बसलेली. बाकीचं तुला लिहीत नाही. एवढंच सांगते की चेहरा शांत होता, आणि वय वाढलेलं नव्हतं. मी चौतीसची झाले आणि तो अजून एकतीसचाच. हे मला सुचलंच नव्हतं. पाहिल्यावर सुचलं.

गावात बचुली देवी म्हणून एक बाई आहे, आईंच्याच वयाची. तिच्याच घरी उतरलेय. इथे गवताच्या वरच्या कुरणापलीकडे गावातलं कुणी आपणहून जात नाही. तो पर्वत म्हणजे त्यांची माई. मेंढ्यांची पहिली लोकर तिची, म्हशीचं पहिलं दूध तिचं. तिच्या माथ्यावर पाय ठेवणं म्हणजे आईच्या डोक्यावर पाय ठेवणं. मी विचारलं, "मग आमच्या लोकांना वर जाऊ का देता?" ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "माझाच मुलगा तुमची ओझी वाहतो, बेटी. त्यावर घर चालतं. मी कोणाला नको म्हणू?" थोड्या वेळाने म्हणाली, "जाताना सगळ्यांना सांगते, पायापर्यंत जा. कोणी ऐकतं, कोणी हसतं."

मला वाटलं होतं, कान्हाला घरी आणता येईल. पटवारी चांगला आहे, पण त्याने स्पष्ट सांगितलं, खाली रस्त्यापर्यंत एक दिवसाची चाल, पुढे बस, पुढे रेल्वे. ओळख पटेपर्यंत बर्फातच ठेवलेलं शरीर आता बाहेर काढलंय, ते टिकणार नाही. तुला तार करून आईंची परवानगी घ्यायलासुद्धा वेळ नव्हता. इथे रीत अशी की माई ज्याला परत देते त्याला दोन ओढे मिळतात तिथे अग्नी द्यायचा, आणि त्याच्या घरच्याच हाताने. म्हातारे पुरुष माझ्याकडे बघत होते. मी बचुलीला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. माझं दुसरं लग्न झालंय, मला आता हक्क नाही. ती म्हणाली, "इतक्या लांब कोण आलं? तूच ना?" बस, एवढंच.

सगुणा, अग्नी मी दिला. चूक असेल तर आईंनी मला काय म्हणायचं ते म्हणावं.

आणखी एक सांगते. हे मी मधुलाही लिहिलं नाही. चिता पेटल्यावर ढग सरकले आणि ती दिसली. सहा वर्षं मी तिचा राग राग केला. तिला शिव्या द्यायला आले होते म्हण ना. आणि ती दिसताच माझ्या मनात पहिला विचार कुठला यावा? डावीकडच्या धारेने वाट आहे, मधला बर्फ पहाटे ओलांडला तर जमेल. धूर डोळ्यांत जात होता आणि मी वाट शोधत होते. तो का गेला हे मला कुणी विचारलं असतं तर आजवर उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते शब्दांत सांगता येत नाही.

सॅक मी बरोबर आणते आहे. त्यात फुटका कॅमेरा, क्लबचा झेंडा, हातमोजे, असलंच सगळं. अस्थी आणते आहे.

शीला

*

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
२ ऑक्टोबर १९८८

प्रिय वहिनी,

तुझं सुरांगचं पत्र काल मिळालं. शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला पोरांना नुसतं शुद्धलेखन घातलं.

तू केलंस ते बरोबर केलंस. हे मी म्हणतेय, आयचं मला माहीत नाही.

आयला कळलंय. आपण उगाच लपवत बसलो. हवालदार कोळीवाड्यात येतो आणि कुणाला कळत नाही, असं कधी झालंय? ती ज्या दिवशी तो आला त्याच दिवसापासून समजून होती. मी सांगायला बसले तर जाळं बाजूला ठेवून म्हणाली, "गावला ना माजा पोर? बोल." सगळं ऐकलं. रडली नाही. मग म्हणाली, "कोन गेलता आनाला?" आणि वहिनी, माझ्या तोंडून बाळचं नाव निघून गेलं. मला भीती वाटली गं. तिचं दुःख आधीच इतकं, त्यात तुझं नाव काढून ती पेटली असती तर? म्हणून आता असं कर. अस्थी घेऊन तू घरी येऊ नकोस. नवरात्र तोंडावर आलंय, टेंभी नाक्यावर मंडपाचं काम चालू आहे, तिथे गर्दीत कोणी बघणार नाही. शनिवारी संध्याकाळी तिथे ये, मी येते. मला माफ कर.

आयने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. "पिशवीन नारल व्हता का?" दादा निघाला तेव्हा तिने त्याला नारळ दिला होता, नारळी पौर्णिमेला खाडीला देतो तसा शेंदूर लावून. "तिचे पाया पर आनि दे," असं माईथानबद्दल म्हणालेली. तू सॅकमधल्या वस्तू लिहिल्यास त्यात नारळ नाही. विसरलीस का? नीट आठवून सांग. ती दुसरं काही विचारतच नाही.

सगुणा

*

कल्याण
५ ऑक्टोबर १९८८

सगुणा,

शनिवारी येते. मंडपापाशी उभी राहीन. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याला शेवटचं मी पाहिलं आणि त्याला घरी सोडायला मात्र चोरासारखं नाक्यापर्यंतच यायचं. पण तुझी अवस्था मला कळते. या दिवसांत तू जास्त विचार करू नकोस.

नारळ नव्हता. सॅक मी स्वतः रिकामी केली. झेंडा प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोरीची गाठसुद्धा सुटलेली नाही. नारळ नाही, करवंटीचा तुकडाही नाही.

यावर मी रोज विचार करते. शिखरावर पोचलेला माणूस आधी झेंडा काढतो. कान्हाने तो काढलाच नाही. नारळ मात्र कुठेतरी दिला. म्हणजे तो माथ्याच्या खालीच कुठेतरी थांबला असेल, नारळ ठेवला असेल, आणि उतरताना गेला असेल. बचुली म्हणते, एका ठाण्याच्या मुलाने तिला शब्द दिला होता, पायापर्यंतच जाईन. तो हाच का, तिला नक्की सांगता येत नाही. तिच्या दारावरून दरवर्षी कितीतरी जण जातात. किंवा असंही असेल की तो दमला, वारा सुटला, म्हणून थांबला. किंवा सॅक कधीतरी उघडी पडली असेल. मला ठाऊक नाही, आणि आता ते कळायचंही नाही. आईंना तू एवढंच सांग, नारळ नव्हता.

काल बाळ आला होता. झेंडा त्याच्या हातात दिला. गाठ पाहून त्याने ती पिशवी दोनदा उलटून पाहिली. क्लबच्या भिंतीवर पितळेची पाटी आहे ना, "कान्हा नाखवा, माईथान शिखर, जून १९८२." दरवर्षी तिला हार घालतात. मी म्हटलं, "बाळ, तो वर गेलाच नसेल." तो चिडला. "मी पाहिलंय त्याला चढताना. तो थांबणाऱ्यातला नव्हता." मी म्हटलं, "थांबला असेल तर काय वाईट?" जाताना दारात म्हणाला, "पुढच्या वर्षी मी जातो. त्याच्या नावाने झेंडा वर लावून येतो, मग कुणी काही बोलायला नको."

त्याच मोहिमेत हिमदंशाने पायाची दोन बोटं गेलेला माणूस. त्याला काय सांगणार?

शीला

*

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१८ ऑक्टोबर १९८८

प्रिय वहिनी,

अष्टमीच्या आदल्या दिवशी सकाळी भरतीला दादाला खाडीत सोडलं. कोळीवाड्याच्या होड्या आपणहून आल्या, कुणाला बोलवावं लागलं नाही. आयने माझ्या पोटाकडे बघून नको म्हटलं, पण मी तिच्याच होडीत बसले.

मडकं तिने मांडीवर धरलेलं. पुलाच्या पुढे गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "अग्नी कुनी दिला?" मी पदर सारखा केला. "बाल नाय बोलला मना. बालला इचारला मी. तो पोर खोटा बोलाला शिकला नाय." म्हणजे तिला बाळनेही काही सांगितलं नव्हतं, नुसती मान खाली घातली असणार. मग मी सांगितलं. वहिनी गेली, वहिनीने ओळखला, वहिनीने अग्नी दिला.

मला वाटलं, आता काय होतंय. ती होडीच्या काठाकडे सरकली. मग मडकं उलटं केलं. हात धुतले. आणि म्हणाली, "एकली बाय तवरा लांब गेली. मना नारल समजला, ही नाय समजली." सॅकमध्ये नारळ नव्हता, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. घरी आल्यावर पदर सोडून जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत. सहा वर्षांचं सगळं. शेजारच्या बाया आल्या, त्यांना मी आत येऊ दिलं नाही. रडू दे म्हटलं.

दिवे लागताना उठली, तोंड धुतलं आणि मला म्हणाली, "तिना बोलव. तिचे घरवाल्यालाही बोलव. नाक्यावर नको. दारान ये म्हनाव."

तर तुम्ही दोघं या. मधुभावजींना मासे चालतात ना?

सगुणा

*

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१४ मे १९८९

प्रिय वहिनी,

परवा तुम्ही येऊन गेलात आणि त्यानंतर इथे काय झालं ते लिहायचं होतं, पण तुझी भाची हातात पेन धरू देत नाही. भावजींनी आणलेलं झबलं तिला आत्ताच घट्ट व्हायला लागलंय.

काल बाळ आला. त्याच्याबरोबर डोंबिवलीची दोन पोरं, विशीबाविशीची, नव्या जॅकेटांचा वास येत होता. पुढच्या आठवड्यात माईथानला निघतायत. बाळ आयच्या पाया पडला आणि म्हणाला, "काकी, आशीर्वाद द्या. कान्हाचं काम पुरं करून येतो." आय बोंबील साफ करत होती. तिने हात पुसले आणि विचारलं, "कनचा काम?" बाळ त्या पोरांकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला, "झेंडा लावायचा."

आय त्या पोरांना न्याहाळत बसली. मग म्हणाली, "मी पन येतंय."

वहिनी, मला आधी हसू आलं. मुंब्र्याच्या टेकडीपलीकडे डोंगर न पाहिलेली बाई. पण ती हट्टालाच पेटली. "ती बाय मना बगाची हाय. माजा पोर तिना सहा वरसा सांबालला." मी म्हटलं, थंडी आहे, चढ आहे, श्वास लागतो. म्हणते, खेचर मिलतो. हे तिला कोणी सांगितलं? तूच ना?

अंगावर पिणाऱ्या पोरीला सोडून मला निघता येत नाही. तू नेशील का? ती म्हणते, शीला असेल तर जाते, नाहीतर बाळबरोबर एकटीच जाते. भावजींना विचार. आणि खरं सांग, तुला स्वतःलाही जायचंय ना? परवा तू खिडकीत बसून सुरांगबद्दल बोलत होतीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. मी घाबरले तुझ्या चेहऱ्याला. दादाचाही असाच व्हायचा.

वर जाणार नाहीस असं मला वचन दे.

सगुणा

*

सुरांग
९ जून १९८९

प्रिय सगुणा,

वचन दिलं होतं, पाळते आहे. मी गावातच आहे.

आईंनी प्रवास माझ्यापेक्षा चांगला केला. पंजाब मेलमध्ये सगळ्या डब्याला सुकट खायला घातली. चढावर खेचरावर बसल्या आणि खेचरवाल्याला वाटभर कोळी भाषेत शिव्या देत आल्या. तो पोटभर हसत होता. बचुलीच्या दारात उतरल्या तेव्हा ढग होते. माई दिसत नव्हती. आई म्हणाल्या, "बसतंय मी. दिसल तवा दिसल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. मी त्यांच्या शेजारीच होते. त्या उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर रागावतील. त्या म्हणाल्या, "केवरी मोठी गो." आणि थोड्या वेळाने, "ये बायला बगून पोर खुला झाला, तर त्याचा काय चुकला?" मग हात जोडले. सासू-सून दोघी पायथ्याशी उभ्या होतो, आणि सगुणा, मला पहिल्यांदा ती सवतीसारखी वाटली नाही.

बाळ आणि ती दोन मुलं वर गेलीत. बचुलीचा मुलगाही ओझी घेऊन शेवटच्या तंबूपर्यंत गेलाय. निघताना बचुलीने नेहमीचं सांगितलं, पायापर्यंत जा. मुलं हसली नाहीत, पण ऐकलंही नाही. बाळने सॅकवर हात ठेवला, झेंडा आत होता. आईंनी तिघांच्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "परत या."

काल दुपारपासून हवा फिरली आहे. वरचं काहीच दिसत नाही. वारा खाली गावातही पत्रे उचलतोय. आजची परत जाणारी खेचरं गेली. मी म्हटलं, "आई, आपण रस्त्यापर्यंत उतरू, तुम्हाला इथली थंडी सोसणार नाही." त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. "पोरा वर हान ना? ती उतरल्याबिगर मी हलाची नाय. माज्या पोराचे टायमाला मी ठान्यान बसले व्हते. पायथ्याला कुनी नवता."

वाटेच्या कडेला एक सपाट दगड आहे. त्यावर त्या आणि बचुली बसल्यात, एका घोंगडीत दोघी. एकीची भाषा दुसरीला कळत नाही. बचुलीचाही मुलगा वर आहे. वाटेकडे बघत बसल्यात. हे पत्र मी दारातून लिहितेय, त्यांच्यावर लक्ष ठेवत. टपालवाला उद्या खाली जाणार आहे. त्याच्या हाती देते. तू घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरलेय.

शीला

*

सुरांग
१३ जून १९८९

प्रिय सगुणा,

आधीचं पत्र याच्याबरोबरच मिळालं असेल तर आधी हे वाच. सगळे आले.

पहिल्यांदा बचुलीचा मुलगा आला, त्या दोन मुलांपैकी एकाला खांद्याचा आधार देत. दुसरा मागे होता. बाळ नव्हता. मुलांनी सांगितलं, वादळाच्या आदल्या दिवशी बाळ एकटाच शिखराकडे निघाला, यांना तंबूत थांबायला सांगून. वादळ थांबल्यावर यांनी वाट पाहिली, हाका मारल्या, मग खाणं संपलं म्हणून उतरले. बोलता बोलता धाकटा ढसाढसा रडायला लागला. आईंनी त्याला जवळ घेतलं, पण डोळे वाटेवरून काढले नाहीत. मला सात वर्षांपूर्वीचं सगळं पुन्हा ऐकू येत होतं, तेच शब्द, एकटा गेला, ढगात गेला. मी घरामागे जाऊन उभी राहिले.

मुलगा घरी आल्यावर बचुलीने दगडावरून उठायला हवं होतं. ती उठली नाही. आईंच्या शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. दुपार उलटल्यावर वरच्या कुरणात एक माणूस दिसला. चालायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. मी धावले. बाळच होता. ओठ फुटलेले, एक हात कापडात गुंडाळलेला. मला ओळखून त्याने खांद्यावर हात टाकला. मी त्याला धरून खाली आणलं.

आई दगडावरून उतरून वाटेवर उभ्या होत्या. बाळ त्यांच्यासमोर आला आणि गुडघ्यांवर बसला. सॅक पाठीवरून खाली सोडली. म्हणाला, "काकी, वादळात बर्फात खड्डा करून पडून राहिलो. नंतर वर निघालो, शेवटचा चढ होता. वर दिसत होतं. वारा पडला होता, जाता आलं असतं मला. तिथे उभा राहिलो आणि कान्हाच डोळ्यांपुढे आला. पाय पुढे गेला नाही. झेंडा तसाच परत आणलाय. मी पोचलो नाही, काकी. पोचलो नाही." लहान मुलासारखा रडत होता. चाळिशीला आलेला माणूस.

आईंनी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. त्या गोठून कडक झाल्या होत्या, सुटेनात. मी पुढे झाले तर मला हाताने बाजूला सारलं. गाठ दाताने सैल केली. बूट काढले, मोजे काढले, त्याची सुजलेली पावलं पदरात घेतली आणि चोळत राहिल्या.

"काकी, ऐकलंत ना? मी वर नाही गेलो."

आईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. पावलं चोळता चोळता म्हणाल्या,

"मी कवा इचारला?"

शीला